आईची झडप

आईच्या हृदयाची झडप निकामी झाली होती, आणि ही बातमी घरात तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. मुलगा म्हणत होता, औषधांवर भागवू. मुलगी म्हणत होती, ऑपरेशन करूनच टाकू. तीन आठवडे दोघं फोनवर दबक्या आवाजात भांडत होती. नव्वदीच्या आईला एवढंच सांगितलं होतं की छातीचा फोटो काढायचाय.

इस्पितळात आई काही केल्या चाकाच्या खुर्चीत बसेना. रिकामी खुर्ची चढावरून ढकलून पासष्टीचा मुलगाच घामाघूम झाला.

"तूच बस जरा," आई म्हणाली.

तो आईची फाईल मांडीवर घेऊन टेकला, तोच वॉर्डातल्या मामांनी खुर्ची वळवली आणि चालू लागले.

"अहो, मी नाही, आई. आई."

"अशा वेळी आई आठवतेच, आजोबा. घाबरायचं नाही."

आई मागे निघणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "तुम्ही मोठ्या बहीण ना? भावाचा फोन आला होता. आईंना काही कळू द्यायचं नाही म्हणाले."

आईला क्षणभर काही उमगलं नाही. मग सगळंच उमगलं. "घरात मोठी मीच," म्हणत ती आत जाऊन बसली.

"दोन मार्ग आहेत. छाती उघडून जुनी झडप काढायची आणि नवी शिवायची. नाहीतर मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून नवी झडप जुनीच्या आतच बसवायची."

आईने चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. "म्हणजे एकात उसवून शिवायचं, दुसऱ्यात आतून अस्तर लावायचं. नव्वदीच्या अंगाला काय झेपेल? खरं सांगा."

"छाती उघडली तर सावरायला दोन-तीन महिने. नळीने केलं तर बरेच जण चार दिवसांत घरी जातात. धोका त्यातही आहे. रक्तस्राव, अर्धांगवायू, कधी पेसमेकर लागतो."

"आणि नुसती औषधं?"

"दम थोडा कमी लागेल. झडप तशीच राहील. वर्ष निघेल की दोन, सांगवत नाही."

आईने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. इतकं सरळ तिच्याशी कित्येक महिन्यांत कुणी बोललं नव्हतं.

"नवी किती टिकते?"

"साधारण दहा वर्षं."

"म्हणजे शंभरीला परत यावं लागणार. चालेल. नळीने करा."

"पण तुमच्या आईंचं मत घ्यावं लागेल."

"तेच दिलं आत्ता. आई मीच."

डॉक्टरीणबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. तेवढ्यात दार ढकलून मुलगा आला. अंगात इस्पितळाचा झगा, छातीला गार जेल फासलेलं.

"आई, तुला कुणी काही सांगितलं नाही ना?"

"सगळं सांगितलं. तुझं काय निघालं?"

"काही नाही," तो ओशाळून म्हणाला. "नव्वदीच्या मानाने हृदय उत्तम आहे म्हणाले."

झडप बसली. तिसऱ्या दिवशी आई कुणाचा हात न धरता वॉर्डभर फिरून आली. शेजारच्या खाटेवर नुकत्याच आलेल्या आजी टक लावून दाराकडे बघत होत्या. बाहेर त्यांचे दोन मुलगे डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते.

"काय बोलतायत हो ते?" आजींनी विचारलं.

आईने स्टूल जवळ ओढलं, आणि ऐसपैस बसली. "मी सांगते," ती म्हणाली.