बेवारस वाक्याचा तपास

"जगात तीन प्रकारची माणसं असतात," आरशासमोर टोपी तिरकी करत मामा म्हणाले. "ज्यांना दिसत नाही ती, ज्यांना दिसतं पण कळत नाही ती, आणि मी."

पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालची गळती शोधण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी दारावर 'गुप्तहेर' अशी ठळक पाटी लावली. पाटी लावल्यावर गुप्त काय राहिलं, असं मामींनी विचारलं, तेव्हा मामांनी तपासाच्या हितासाठी मौन पाळलं. आजवर त्यांच्याकडे एकच प्रकरण आलं होतं, शेजाऱ्यांच्या हरवलेल्या मांजराचं. ते मांजरानेच घरी परतून निकालात काढलं.

त्यामुळे भाची रडवेली होऊन घरात शिरली तेव्हा मामांना तिच्यासाठी वाईट वाटलं आणि स्वतःसाठी फार बरं वाटलं.

भाची संशोधनासाठी त्यांच्याकडेच राहायची. विषय, घरांच्या दारांचा इतिहास. प्रबंध होत आला होता आणि आज मार्गदर्शक मॅडमनी एका वाक्याभोवती लाल गोल काढला होता. वाक्य होतं, "दार म्हणजे भिंतीने बदललेला विचार." दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं, खाली तळटीप, आणि तळटीपेत फक्त 'संदर्भ नंतर'.

"मॅडम म्हणाल्या, सगळ्या प्रबंधात लक्षात राहील असं हे एकच वाक्य आहे," भाची म्हणाली. "आणि ते कोणाचं, हेच मला आठवत नाही! सोमवारपर्यंत संदर्भ द्या, नाहीतर काढून टाका म्हणाल्या. माझं सगळं तिसरं प्रकरण त्यावर उभं आहे, मामा."

"तिसरं? माझं तर हे दुसरंच."

"प्रबंधातलं प्रकरण हो! दुसऱ्याचं वाक्य नाव न देता छापलं तर ती चोरी होते."

चोरी म्हटल्यावर मामांनी भिंग काढलं. "थोडक्यात, स्रोत सापडत नाही. अगं, जन्मभर मी दुसरं केलं काय?"

त्यांनी प्रबंधाच्या तळटीपा वाचायला घेतल्या. थोड्याच वेळात त्यांच्या भुवया टोपीत शिरल्या.

"हा तत्रैव कोण?"

"मामा, तो..."

"पानोपानी आहे! आडनाव नाही, गाव नाही. आणि दर वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी पाठोपाठ येतो. पाळत ठेवतोय, पोरी!"

"तत्रैव म्हणजे तिथेच. वर जे पुस्तक सांगितलंय त्याच पुस्तकात."

"असं त्याने तुला सांगितलं," मामा दयेने म्हणाले. "आणि हे 'व इतर'? म्होरक्याचं नाव पुढे, बाकीचे पडद्याआड. ही टोळी आहे."

भाचीने कपाळाला हात लावला. पलीकडे शिवणयंत्रावर मामी कुणाचा तरी सदरा उसवत होत्या. "अहो, आधी तिला चहा तरी घेऊ द्या," त्या म्हणाल्या. मामांनी साक्षीदाराला गप्प राहण्याची खूण केली.

दुसऱ्या दिवशी मामा तिच्याबरोबर ग्रंथालयात गेले. वेश पालटायचा म्हणून त्यांनी काळा चष्मा घातला होता. त्यापायी ते आधी झाडूच्या खोलीत शिरले आणि तिथे बराच वेळ दबा धरून बसले. भाची एकेक पुस्तक काढून चाळत होती. वाक्य कुठेच नव्हतं. ती रडायच्या बेतात असताना मामा तिच्या खांद्यावरून वाकले.

"थांब! या पानावर डाग आहे. चहाचा. कड बघ. माणूस डावखुरा. एकटा राहणारा. विचारात बुडून कप ठेवायचं विसरणारा. हाच आपला लेखक! पुस्तक लिहिता लिहिता..."

"तो डाग माझा आहे," मागून ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "उजव्या हाताने सांडलाय. घरी सहा माणसं आहेत. आणि तुम्ही आमचा झाडू परत करा."

रविवारी संध्याकाळी मामांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. सगळे म्हणजे भाची आणि मामी. मामींनी शिवण सोबत आणली होती.

"गुन्हेगार कोण, हे मला कळलं आहे," मामा येरझारा घालत म्हणाले. "वाक्याचं कौतुक कोणी केलं? मॅडमनी. स्वतःच्या लेकराचं कौतुक आईच करते. ते वाक्य मॅडमचं आहे! चोरलं भाचीने!"

"मामा!" भाचीचा आवाज चिरकला. "तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?"

"मी सत्याच्या बाजूने आहे."

"कुठलं वाक्य म्हणालात?" मामींनी दातांनी दोरा तोडत विचारलं. इतके दिवस त्यांना ते कोणी वाचून दाखवलंच नव्हतं. भाचीने वाचून दाखवलं.

"अगं, हे तर तूच म्हणालीस की! बाल्कनीकडे जायला भिंत फोडून दार काढत होतो, तेव्हा. घरभर धूळ. तू त्या भगदाडाकडे बघत म्हणालीस, मामी, दार म्हणजे भिंतीने बदललेला विचार. मी म्हटलं, छान आहे, लिहून ठेव. तर म्हणालीस, मॅडम विचारतील आधार काय. माझं आहे म्हटलं तर काढून टाकतील. अवतरणात घालून ठेवते, नाव नंतर शोधू."

भाचीला ती धूळ आठवली, हातातली पेन्सिल आठवली. कान लाल झाले. इतका शोधलेला तो थोर लेखक तीच होती, आणि तिला त्याची ओळखही पटली नव्हती.

"म्हणजे मी बरोबर होतो," मामा म्हणाले. "भाचीने चोरलं."

"कोणाचं?"

"तिचंच."

सोमवारी मॅडमनी पान उघडलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. "मिळाला आधार?"

"हो मॅडम," भाची म्हणाली. ती खुर्चीत ताठ बसली. "वाक्य माझं आहे. आधार नाही. मी विचार केला आणि लिहिलं."

मॅडमनी पान जवळ ओढलं. मग त्यांनी आधी एक अवतरणचिन्ह खोडलं, मग दुसरं, मग तळटीप. पेन हातातच राहिलं.

"मी एक लेख लिहितेय," त्या जरा अवघडून म्हणाल्या. "त्यात हे वाक्य घेतलं तर चालेल?"

"चालेल की मॅडम," भाची म्हणाली. "फक्त खाली माझं नाव टाका. आणि पान क्रमांक."