हवालदार आबांची हजेरी

हवालदार आबा रोज सकाळी ओट्यावर उभे राहून आमच्या अख्ख्या गल्लीची हजेरी घेत. हातात तांब्या असो की तोंडात राखुंडी, नाव आलं की "हजर" म्हणायचं. शेजारच्या अक्कांच्या म्हशीलाही सूट नव्हती. ती मात्र आबांनी पुकारलं की लगेच रेकायची, आणि आबा आम्हाला सुनवायचे, "शिका काहीतरी तिच्याकडून."

ब्रह्मदेशातल्या लढाईतून ते चोपड्याला परतले ते खाकी चड्डी, शिट्टी आणि झुपकेदार मिशा घेऊन. लग्न राहूनच गेलं. केळीची बाग त्यांनी दोरी धरून लावली होती, आणि एखादं खोड वाऱ्यानं कललं तर त्याला भर उन्हात दम भरत. मी शाळामास्तर. "तुमची हजेरी मऊ आहे मास्तर," ते म्हणायचे, "पोरं बसल्या बसल्या ओ देतात."

अक्कांशी त्यांचं रोजचं वाजायचं. "आबा, मी तुमनी पलटनमा नही शे," अक्का ठणकावत. आबा शांतपणे म्हणत, "आवाज उना. हजर." आवाज आला की त्यांच्या लेखी माणूस हजर. अक्का मग दिवसभर धुसफुसत.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मात्र आबा दार लोटून घेत. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आमरस-पुरणपोळीचा घास विस्तवावर सोडतात. हा एकटा जीव अक्कांकडून टोपलीभर पोळ्या करून घेई, त्यामुळे आबांच्या पोटाचा विषय गल्लीला बरेच दिवस पुरायचा.

एका आखाजीला मी आंबे द्यायला म्हणून त्यांचं दार ढकललं. आत भरलेल्या घागरींची सरळ रांग होती आणि समोर आबा सावधान उभे. "करतारसिंग. इस्माईल. सुब्बय्या. गोविंदा." प्रत्येक नावापाशी ते थांबत आणि मग स्वतःच हळू आवाजात "हजर" म्हणत.

मला पाहून ते ओशाळले. "पाण्यावाचून गेले, मास्तर. जंगलात. मी आहे तोवर यांच्या घागरी भरतोय. पुढं यांची कोण भरणार, आणि माझी तरी कोण?" घरी येऊन अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मले काय करनं शे?" आणि पदर डोळ्यांना लावला.

त्याच वर्षी थंडीत आबा गेले.

पुढच्या आखाजीला अक्कांनी आपल्या ओट्यावर घागरी मांडल्या, दोरी धरून. नावं मी सांगत गेलो, अक्का पुकारत गेल्या, आणि गल्ली "हजर" म्हणत गेली. शेवटची घागर आबांची. अक्कांनी त्यांचं नाव घेतलं. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

तेवढ्यात गोठ्यातून म्हैस रेकली.

"आवाज उना," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "हजर."