सांजमायेची बाजू

सोपानतात्यांनी एका राक्षसाचं सुतक पाळलं होतं. चांगलं दहा दिवस. दाढी केली नाही, कुणाच्या घरी चहाला बसले नाहीत, आणि माझ्या दुकानाशी आले तेव्हा पायरीखालीच उभे राहून म्हणाले, "कागद तितनंच दावा. शिवू नगा मला." मी घाबरून विचारलं, कोण गेलं? त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं आणि हळूच सांगितलं, "गिळंकासुर."

गिळंकासुर हा कार्टूनमधला. मोबाईलवर 'नीलदरीचे रक्षक' नावाची मालिका लागते, त्यात तो नद्या पिऊन टाकायचा. शेवटी चार रक्षक पोरांनी त्याला फोडला आणि नद्या मोकळ्या केल्या. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या असतील. आमच्या विंझर गावात एक माणूस मात्र दाढी वाढवून बसला.

हा माणूस सत्तरीचा होता, एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. आयुष्य भोर-वेल्हे भागातल्या गाड्यांवर गेलं. उंच, किडकिडीत, मिशा पांढऱ्या, आणि उभं राहताना अजूनही पाय फाकवून, जणू खालची जमीन वळणावर कलणार आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात. एका मे महिन्यात नात ओवी आली, तिनं आजोबांना ही मालिका दाखवली. सुट्टी संपली, ओवी गेली, मालिका राहिली.

माझं विंझरला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लोक सातबारा, पेन्शनचे फॉर्म, शाळेचे दाखले घेऊन येतात. सुतक फिटल्यावर तात्या वही घेऊन आले. म्हणाले, त्या मालिकेचं वेड असलेल्यांचा एक ग्रुप आहे मोबाईलवर, तिथं सगळे त्या पोरांचंच कौतुक करतात, दुष्टांच्या बाजूनं कुणी एक ओळ लिहीत नाही, तर हे टाइप करून तिथं टाका. वहीत गिळंकासुराची कैफियत होती. त्याच्या लहानपणी वरच्या गावानं पाणी अडवलं होतं, आई ओंजळ घेऊन दारोदार फिरली होती, वगैरे. यातलं एक अक्षर मालिकेत नव्हतं. मी तसं म्हटल्यावर तात्यांनी त्यांचं ठेवणीतलं वाक्य ऐकवलं. "कुठं उतरला त्ये समद्यांनी बघितलं. बसला कुठनं, त्ये कुनी इचारलं का?"

ग्रुपवर त्यांनी नाव घेतलं 'डबल बेल'. महिन्याभरात डबल बेल प्रसिद्ध झाली. 'झाली' म्हणते, कारण नागपूर-कोल्हापूरकडच्या पोरापोरींनी ती कॉलेजातली मुलगी आहे असं धरलं होतं. "दीदी, तू किती खोल विचार करतेस," असं कुणी लिहिलं की तात्या मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. मुलगी तर मुलगी."

हसायला येतं खरं, पण त्यांचं सांगणं ऐकताना हसू टिकायचं नाही. ते दुपारी चारच्या सुमाराला येत, डोंगरावरून धुकं खाली उतरायच्या वेळेला. स्टुलावर बसत आणि आवाज न चढवता सांगत. हाडांचा राजा अस्थिराज रात्री हाडं का गोळा करतो? तर प्रत्येक हाडाला कान लावून तो विचारतो, तू माझ्या भावाचं का? हे ऐकताना फॉर्म भरायला आलेली एक बाई लेकराला छातीशी धरून उठली ती परत आलीच नाही. आता ती कापूरहोळला जाते म्हणे झेरॉक्स काढायला.

त्यांच्या घरी मी एकदा गेले होते. ओवीनं काढलेली या सगळ्या दुष्टांची चित्रं भिंतीला होती, पण एक चित्र उलटं चिकटवलेलं, तोंड भिंतीकडं. मी हात पुढं केला तर तात्या म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या." तेवढंच.

ती म्हणजे सांजमाया. मालिकेतली सगळ्यांत मोठी दुष्ट. दिवेलागणीला ती गावाच्या वेशीशी उभी राहते आणि खेळणारी पोरं बोटांवर मोजते. जे मोजलं जातं ते दुसऱ्या दिवशी नसतं. ग्रुपवर सारखी मागणी व्हायची, की डबल बेल, सांजमायेची बाजू लिही. तात्या सगळ्यांची वकिली करत, हिची नाही. तिचा विषय निघाला की वही मिटून चालू लागत.

मग बातमी आली की शेवटच्या भागात सांजमायेला जाळणार. ग्रुपवर पोरांनी ज्योतीची चित्रं टाकून नुसता जल्लोष केला. त्या दिवशी तात्या वही न घेता आले. बाहेर श्रावणातला बारीक पाऊस, दुकानात कुणी नाही. म्हणाले, "लिवा. सांजमाया एस.टी.त बसली."

मी दोन ओळी टाइप केल्या आणि माझ्या लक्षात आलं की हे कार्टून नाही. मी हात काढून घेतले आणि नुसतं ऐकलं.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वेल्ह्याच्या पुढं, डोंगरातल्या शेवटच्या थांब्याला जाणारी संध्याकाळची गाडी. धुकं इतकं की ड्रायव्हर डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता. तात्यांनी तेवीस तिकिटं फाडून आकडा ड्रायव्हरला ओरडून सांगितला होता. मागं एक बाई बसली होती, पस्तिशीची असेल, केस मोकळे, नजर एका जागी न ठरणारी. गाडी घाटाला लागली आणि ती उठून माणसं मोजायला लागली. एकेकाकडं बोट करून, मोठ्यानं. बावीसपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "एक कमी हाय."

परत मोजलं. परत बावीस. परत, एक कमी हाय.

आधी लोक हसले. चौथ्या खेपेला कुणी हसलं नाही. एका बाईनं पोराच्या तोंडावर पदर टाकला, म्हणाली, ह्या अवदसेनं बोट दावलं त्यातलं एक जानार. कुणी म्हणालं करणीवाली आहे, कुणी म्हणालं हिला उतरवा, नाहीतर आम्ही उतरतो. आणि तात्या सांगत होते, की त्यांनाही त्या धुक्यात तसंच वाटायला लागलं. आपण स्वतः माणसं मोजून बघावी असं मनात आलं, पण मोजायची भीती वाटली. खरंच बावीस भरली तर?

त्यांनी बेल मारली. एका वळणावर गाडी थांबली. बाईला म्हणाले, उतर. ती भांडली नाही, रडली नाही. उतरून खाली उभी राहिली आणि खिडक्यांकडं बघत पुन्हा मोजायला लागली. तात्यांनी दोनदा बेल दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत येताना त्याच वळणावर, दरीच्या कडेला, एक चप्पल पडलेली दिसली.

"कुनाला इचारलं न्हाई म्या," तात्या म्हणाले. "इचारलं आसतं तर कुनीतरी सांगितलं आसतं."

पुढं नोकरी संपेपर्यंत, त्या गाडीवर ड्यूटी लागली की ते त्या वळणावर बेल द्यायचे. गाडी थांबायची, दार उघडायचं, कुणी चढायचं नाही, दार बंद व्हायचं. ड्रायव्हर बदलत गेले, विचारायचे कंटाळले. आमच्या भागात अजून सांगतात की त्या वळणावर गाडीत कुणीतरी बसतं आणि शेवटच्या थांब्याला उतरत नाही. मी लहानपणी ही भुताची गोष्ट ऐकून पांघरुणात तोंड लपवलेलं आहे. ते भूत सोपानतात्यांनी रोज दार उघडून उभं केलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

 हे ऐकताना मला एक बाई आठवत होती. चार महिन्यांपूर्वी वरच्या वाडीचा एक माणूस, विठ्ठल नावाचा, बहिणीच्या पेन्शनचा फॉर्म भरायला आला होता. सोबत ती होती. केस पांढरे, कपाळ कोरं. मी फॉर्म भरत होते आणि ती दुकानातल्या माणसांकडं एकेक बोट करत ओठ हलवत होती. भाऊ ओशाळून म्हणाला होता, "तिला मोजायची सवय हाय."

मी तात्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांना कुठल्या तरी वळणावर उतरवते आहे. ते उठून निघून गेले. आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाच्या दारात उभे. "तुमी येताव का संगं? एकट्याचं पाऊल पडंना."

गाडीनं शेवटच्या थांब्याला उतरून आम्ही चढण चढलो. तात्या दर थोड्या वेळानं थांबत. मला वाटलं दम लागला. पण ते मागं बघत होते.

विठ्ठलरावांचं घर वाडीच्या टोकाला. बहीण, सरूबाई, अंगणात वाल सोलत बसली होती. आमच्याकडं बघितलं, बोट केलं, ओठ हलले. तात्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

मी विठ्ठलरावांना एवढंच म्हटलं की तात्यांना यांची जुनी ओळख वाटते. त्यांनी आपणहून सांगितलं. सरूबाई लांबच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. रोज संध्याकाळी पोरं मोजून जेवायला बसवायची. एक दिवस एक पोर कमी भरलं. दोन दिवसांनी ते ओढ्यात सापडलं. तिची काही चूक नव्हती, कुणी तिला बोललंही नाही. पण तेव्हापासून जिथं चार माणसं दिसतील तिथं ती मोजते. कुणी मागं राहिलं नाही ना, एवढंच तिला बघायचं असतं.

"पन स्वतःला धरत न्हाई मोजताना," विठ्ठलराव म्हणाले. "आचारीन कवा पंगतीत आसती?"

तात्या ओट्यावर बसले. बराच वेळ बोटांवर काहीतरी करत होते. मग म्हणाले, "ती धरून तेवीस. तेवीसच व्हतो आमी."

मग सगळं सांगितलं. त्यो कंडक्टर मीच, हेही. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि आम्हाला हाकलून देईल.  पण विठ्ठलरावांनी सांगितलं, की शाळा सोडून इकडं राहायला आली तेव्हा ती पहाटे घरी पोचली होती, एका पायानं अनवाणी. रात्रभर रस्त्यानं हाका मारत फिरली होती. गाडीतलं एक माणूस मागं राहिलं म्हणून शोधायला उतरले, म्हणाली. आणि अजून कधी कधी त्या कंडक्टरचं नाव काढते.

तात्यांनी मान वर केली.

"म्हनती, लई चांगला मानूस. माज्यासाठी गाडी थांबवली त्यानं."

तात्या उठून परसात गेले. मी गेले नाही, विठ्ठलरावही गेले नाहीत. आत चुलीवर चहा उकळत होता.

दुपारच्या गाडीला सरूबाई आम्हाला सोडायला खाली आली. तात्या तिच्याशी एक शब्द बोलू शकले नव्हते.  धुकं खाली आलं होतं, गाडीचे दिवे आधी दिसले, गाडी नंतर. मी चढले, तात्या चढले. कंडक्टर बेलच्या दोरीला हात घालणार, तेवढ्यात सरूबाईनं पायरीवर पाय ठेवला आणि दार धरलं. तो कोवळा पोरगा दचकून मागं सरला.

तिनं तात्यांकडं बोट केलं आणि त्याला बजावलं, "म्हातारं मानूस हाय. वाटंत कुटं उतरवू नगंस. घरापाशी नीट उतरव."

मग ती खाली उतरली. तात्यांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले, आणि धुक्यात ती दिसेनाशी झाल्यावरही ते हात विंझर येईपर्यंत तसेच होते.