उंद्रीच्या मोटारीचे प्रस्थान

प्रगतीला वेग लागतो, वेगाला मोटार लागते आणि मोटारीला मुहूर्त लागतो. यांतली मोटार परदेशातून मागवता येते. मुहूर्त मात्र अजून आपल्याकडेच निघतात, आणि त्या बाबतीत उंद्री हे गाव साऱ्या वऱ्हाडात कुणाला हार जाणारे नाही.

त्या वर्षी थंडीत नागपूरला मध्यप्रांत-वऱ्हाड तरुण परिषद भरायची होती. तिचे निमंत्रण उंद्रीच्या भगवंतराव देशमुखांना आले. (तरुणांच्या परिषदेचे निमंत्रण चौपन्न वर्षांच्या गृहस्थाला कसे, असे कुणी विचारील. गावात छापील पाकिटे त्यांच्याच नावाने येत, एवढेच त्याचे उत्तर.) निमंत्रणात एकच अट होती. प्रत्येक शिष्टमंडळात किमान एक तरुण असावा आणि त्याने भरसभेत पाच मिनिटे आपले मनोगत सांगावे. तरुण म्हणजे किती वर्षांचा, हे लिहिलेले नव्हते. कारण अटी ठरवणाऱ्या समितीतले सर्वांत धाकटे सभासद बावन्न वर्षांचे होते, आणि त्यांना वयाचा विषय काढलेला आवडत नसे.

शिष्टमंडळात भगवंतराव स्वतः होते. भालचंद्रपंत जोशी होते, कारण प्रवासाला निघायचे तर पंचांग बरोबर हवे. रंगराव होते, कारण रंगराव प्रत्येक ठिकाणी असतच. आता उरला तरुण. गावातले झाडून सारे तरुण कापूस वेचायला शेतात गेलेले, आणि चार दिवस त्यांना मोकळे सोडायचे तर कापूस कुणी वेचायचा, तरुण परिषदेने? तेवढ्यात भगवंतरावांना आठवले की मोटार चालवायला उद्धव येणारच आहे, तो सतरा वर्षांचा आहे, आणि त्याला वेगळी जागाही लागत नाही.

उद्धव हा आधीच्या ड्रायव्हरचा क्लीनर. ड्रायव्हर अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाला लागला, तेव्हा पोराच्या हाती चाक आले. त्याचे वय प्रसंग पाहून ठरत असे. ठाणेदाराने विचारले तर वीस, पगाराच्या दिवशी चौदा, आणि परिषदेपुरते खरे तेवढे. आजवर त्याची मजल मलकापूर स्टेशनापर्यंत. पाहुणे आणायचे आणि पोचवायचे.

पाच मिनिटे बोलायचे आहे, हे कळल्यापासून उद्धवची झोप उडाली. घाबरून नव्हे, हर्षाने. त्याच्या मनात एक गोष्ट होती, बरेच दिवसांपासूनची. ती कधीतरी चार माणसांपुढे उभे राहून सांगावी अशी त्याला फार हौस होती, आणि घरात-वाड्यात त्याला 'गाडी काढ' आणि 'गाडी पूस' यांपलीकडे कुणी बोलतच नसे. तो रोज संध्याकाळी गोठ्यात मोटारीसमोर उभा राही आणि तिच्या दोन दिव्यांकडे बघून आपले भाषण म्हणे. दिवे डोळे न मिटता ऐकत. एवढे शिस्तीचे श्रोते उंद्रीत दुसरे नव्हते.

भाषणाच्या जोडीला त्याने प्रवासही आखला. परिषद रविवारची. म्हणून शुक्रवारी तांबडे फुटताना निघायचे, खामगावात टायरांना हवा, अकोल्यात पाणी, मूर्तिजापूरला मुक्काम, शनिवारी अमरावतीवरून नागपूर. पेट्रोलचे डबे बांधले, पंक्चरचे सामान बांधले. तानुबाईने, म्हणजे त्याच्या आईने, दशम्यांचे गाठोडे दिले आणि वर उपदेश दिला, "मोठ्यायच्या मधात तोंड घालू नोको, बाप्पा."

हा बेत त्याने मालकांपुढे मांडला आणि तिथून त्याच्या बेताचे कामकाज सुरू झाले.

पहिला प्रश्न आसनव्यवस्थेचा. मोटारीत पुढे बसणे मानाचे, कारण वाटेतल्या गावांना आधी तेच तोंड दिसते; पण पुढे बसणे कमीपणाचेही, कारण शेजारी ड्रायव्हर. मागे बसणे मानाचे, कारण साहेबलोक मागे बसतात. पण मागे धूळ. या विषयावर दोन बैठका झाल्या. शेवटी असे ठरले की गावातून निघताना भगवंतराव पुढे बसतील, वेशीबाहेर मागे जातील आणि प्रत्येक गाव आले की पुन्हा पुढे येतील. (वाटेत लहानमोठी गावे बरीच आहेत, असे उद्धव म्हणाला. ते टिपणात आले नाही.)

दुसरा प्रश्न शुक्रवारचा. शिष्टमंडळ जाणार तर त्याला निरोप नको? शुक्रवारी मारुतीच्या पारावर निरोपसमारंभ झाला. भगवंतराव 'काळाची गती' या विषयावर दोन तास बोलले. पंत बोलले. रंगराव बोलले. ज्यांना जायचे नव्हते तेही बोलले. शेवटी कुणीतरी म्हणाले, "अन् आपला तरुन? त्यालेई बोलू द्या की."

उद्धव उठला. "मंडळी, मले असं वाट्टे का..."

"बस बे," भगवंतराव प्रेमाने म्हणाले. "ऊन चढून राह्यलं. पोट्टं हाय, पुढं बोलीन."

सगळे हसले. उद्धवही हसला, कारण न हसून काय करतो? पण बसताना त्याला खरेच वाईट वाटले.

अशा रीतीने शुक्रवार सरत आला आणि शनिवार समोर उभा राहिला. शनिवारी पूर्वेला दिशाशूल. नागपूर पूर्वेला. म्हणजे निघता येत नाही, आणि न निघावे तर रविवार हुकतो. अशा अडचणीला आपल्या पूर्वजांनी तोड काढून ठेवलेली आहे: प्रस्थान ठेवावे. ज्या दिशेला जायचे त्या बाजूच्या कुणाच्या घरी चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू नेऊन ठेवली, की आपण निघालोच असे शास्त्र मानते. मग माणूस घरी जेवून झोपला तरी तो प्रवासात असतो. (वेगाच्या बाबतीत ही युक्ती मोटारीच्या कितीतरी पुढची आहे.) अट एवढीच की ठेवलेली वस्तू परत घरी आणायची नाही.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत प्रस्थान ठेवायचे ठरले. वस्तू कोणती?

"माझा फेटा ठेवा," भगवंतराव म्हणाले.

"फेट्याने तुमचं प्रस्थान होईल," पंत म्हणाले. "पण चालणार कोण? मोटार. शूल लागायचा तो चाकांना. तेव्हा वस्तू मोटारीच्या अंगावरची पाहिजे. आणि तिच्या जिवाभावाची."

हे कुणालाही पटण्यासारखे होते. रंगरावांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली आणि समोर लटकलेले हँडल उपसून काढले. त्याला हळदकुंकू लागले, पिवळ्या फडक्यात तांदूळ-सुपारीसह ते बांधले गेले आणि वाजतगाजत रंगरावांच्याच घरी, गावाच्या पूर्व टोकाला, देवळीत ठेवले गेले. उद्धव तेव्हा मोटारीसाठी विहिरीवरून पाणी आणायला गेला होता. परत येऊन बघतो तर हँडलाच्या जागी भोक.

शनिवारी सकाळी शिष्टमंडळ मोटारीत बसले. भगवंतराव ठरल्याप्रमाणे पुढे बसले. बायकांनी ओवाळले. मोटार जागची हलली नाही.

"काऊन बे?"

"मालक, हँडल फिरवल्याबिगर इंजन चालू होत नाई. हँडल रंगरावायच्या घरी हाय. आनतो म्या दोन मिंटात."

"आणतो?" पंत ताडकन उठले. "प्रस्थान घरी आणतो? अरे, प्रस्थान मोडून निघालेला माणूस कार्य साधून आल्याचं ऐकलंयस कधी?"

उद्धवने ऐकले नव्हते. कारण प्रस्थान मोडून निघालेला माणूसच उंद्रीत कुणी पाहिलेला नव्हता.

मग मोटारीतच बैठक बसली. हँडल मोटारीकडे येऊ शकत नाही. तेव्हा मोटारीने हँडलाकडे जावे. हँडलाकडे जायला ती चालू व्हावी लागते. चालू व्हायला हँडल. बैल जुंपून ओढत न्यावी, असे रंगराव म्हणाले. पण मोटार आली त्या दिवशी भगवंतरावांनी भर चावडीत सांगितले होते, की आता आपल्याले बैलाची गरज पडनार नाई. त्यांच्या मोटारीपुढे बैल दिसले असते तर पार देऊळघाट गावापर्यंत हसे झाले असते. ढकलत न्यावी, असे उद्धव म्हणाला; पण ढकलायला तरुण लागतात आणि तरुण कपाशीत होते.

सूर्य वर आला. तेवढ्यात मलकापूरला निघालेली कापसाची लॉरी गावात थांबली आणि पंतांच्या मुखावर तेज आले.

"मलकापूर कोणीकडे? वायव्येला. वायव्येला आज शूल नाही. आपण मलकापूरला जायचं. पुढे आगगाडी कोणीकडे जाते ते आगगाडी बघेल. शूल लागला तर कंपनीला लागेल."

पाहता पाहता शिष्टमंडळ कापसाच्या बोऱ्यांवर चढले. उद्धवही गाठोडे घेऊन चढू लागला.

"तू कोठी?" भगवंतराव म्हणाले. "गाडी नाई जात, तं डायवर कायले? गाडी पुसून ठेव."

"पन मालक, तरुन..."

मग सगळ्यांचे लक्ष रंगरावांकडे गेले. रंगराव सत्तेचाळीस वर्षांचे, पण त्यांचे लग्न झालेले नव्हते. लग्न न झालेल्याला आपण काय म्हणतो? पोरगाच म्हणतो. हा मुद्दा बिनविरोध मान्य झाला आणि लॉरी धूळ उडवीत गेली.

उद्धव तिथेच उभा राहिला. डोळे भरून आले, मग त्याला राग आला, आणि राग आल्यावर त्याने उंद्रीच्या इतिहासात कुणी केले नव्हते ते केले. तो रंगरावांच्या घरी गेला, पिवळे फडके सोडले, हँडल घेतले आणि सरळ घरी आणले. आकाश जागच्या जागी राहिले. एका हिसक्यात इंजिन चालू झाले. मालकाची मोटार न विचारता नेली तर नोकरी जाईल, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही तो निघाला. शनिवारी, पूर्वेला.

बाळापूरच्या अलीकडे एक पंक्चर झाले, बडनेऱ्याच्या पुढे दुसरे. रात्री मोटारीतच झोपला. दशम्या खाल्ल्या, आणि जागेपणी सारा रस्ताभर मोठ्याने भाषण म्हणत गेला. रस्त्यातल्या बैलांनी ते ऐकले. तो इतका खूश होता की त्याने मध्येच गाणेही म्हटले.

रविवारी दुपारी तो नागपूरला मांडवाच्या दाराशी पोचला. दारावर छातीला फूल लावलेले स्वयंसेवक होते, वय पंचेचाळीसच्या आसपास.

"ड्रायव्हर लोकांनी मोटारी तिकडे लिंबाखाली लावा."

"मी ड्रायव्हर नाई. म्हंजे हाय. पन म्या उंद्रीचा तरुन हाय."

"काहीतरीच काय? उंद्रीचे तरुण आत बोलताहेत."

मांडवावरच्या कर्ण्यातून रंगरावांचा आवाज येत होता. "आम्हा पोरांना कुणी बोलू देत नाही, ही आमची खंत आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढची काही वाक्ये त्यात बुडाली. लगेच 'तरुणांना पुढे आणावे' असा ठराव मांडला गेला आणि एकमताने पास झाला. उद्धव लिंबाखाली चाकावर डोके टेकून बसला.

सभा सुटल्यावर भगवंतरावांना आपली मोटार दिसली. उद्धवला वाटले, आता नोकरी गेली. पण मालकांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. आगगाडीत त्यांना उभे राहावे लागले होते. "शाबास बे! गाडी आनली! आता आरामात जाता येते." मग पंतांनी हँडलाची चौकशी केली. उद्धवने खरे ते सांगून टाकले. पंत रागावले नाहीत, उलट समाधानाने मान डोलावू लागले.

"पाहिलंत, भगवंतराव? प्रस्थान मोडून निघाला. गाडी पोचली, पण कार्य? पोराचं भाषण हुकलं की नाही? शास्त्र खोटं नाही हो."

उद्धवकडे याला उत्तर होते, पण रविवारी पश्चिमेला शूल असल्यामुळे मुक्कामाची चर्चा सुरू झाली होती.

सोमवारी सकाळी शिष्टमंडळ परतीला लागले. नागपूर मागे पडल्यावर भगवंतरावांना, हवेचा गारवा असेल किंवा मनाला खरेच काही लागले असेल, अचानक पोराची आठवण झाली. "हं, उद्धव. बोल बे आता. काय सांगनार व्हता तू तथी?"

उद्धवला आधी खरे वाटेना. मग त्याने घसा साफ केला, मोटारीचा वेग थोडा कमी केला आणि सुरुवात केली. वर्धा नदी यायच्या आधीच मागचे दोघे घोरू लागले. पुढचे भगवंतराव मान खाली टाकून झोपले होते. उद्धव थांबला नाही. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सारे सांगितले. चांगले बोलला.

ते भाषण इथे पूर्ण द्यायचे असा आमचा मूळ बेत होता. पण वाचकहो, आसनव्यवस्था तुम्ही चवीने वाचलीत, पंतांच्या दिशा मन लावून वाचल्यात, हँडलाला हळदकुंकू लागताना हसलात, आणि त्यातच ठरलेली पाने संपली. पोराच्या मनात बरेच दिवसांपासून एक गोष्ट आहे, हे आम्ही सुरुवातीलाच सांगितले होते. ती गोष्ट कोणती, असे तुमच्यापैकी कुणीही मध्ये थांबून विचारले नाही. तेव्हा आम्हीही म्हटले, असू द्या. पोट्टं हाय, पुढं बोलीन.