शेवटफुटीचं प्रकरण

“गरुडाला चष्मा लागत नाही,” असं म्हणत दर वर्षी चष्म्याचा नंबर वाढवून घेणारा गरुड या भूतलावर एकच असेल, आणि तो चष्मेवाल्याच्या नशिबी साडू म्हणून आला होता.

गरुड हे नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं. नोकरीत असेपर्यंत तो परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभा राहायचा. निवृत्त झाला आणि त्याने जाहीर केलं की आपण आता खासगी गुप्तहेर आहोत. “बाही, मोजा, कंपासपेटी, पट्टीची मागची बाजू. पोरांनी कॉपी लपवलेली एकही जागा माझ्या नजरेतून सुटली नाही,” तो सांगे. “माझ्यासमोर गुन्हेगाराला घाम फुटतो. निरपराध माणसालाही फुटतो, पण त्याचा वास वेगळा. हा वास ओळखणारे जगात फार तर तीन जण असतील. बाकीचे दोघे कोण, ते मी अजून शोधतोय.”

त्याची कचेरी म्हणजे चष्मेवाल्याच्या दुकानातली मागची खुर्ची, अक्षरांच्या तक्त्याखाली. डोळे तपासायला आलेल्या माणसाला तक्त्याची शेवटची ओळ वाचताना गरुडाचा चेहराही वाचावा लागे. “तुम्ही फार लांबून आलात,” असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून आलेलं असायचं. “म्हणजे मनाने,” असं मग गरुड म्हणायचा. चष्मेवाला बिचारा गरीब माणूस. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्याला बोलणार काय? मदतनीसाचं पद त्याला न मागता मिळालं होतं आणि राजीनामा कुणाकडे द्यायचा ते कळत नव्हतं.

तर त्या आठवड्यात चष्मेवाल्याच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कारण होतं त्याची पंधरा वर्षांची लेक. कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्यांचं तिला असं वेड की तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर कुणाचे वाढदिवस नव्हते, येणाऱ्या पुस्तकांच्या तारखा होत्या. बापाच्या वाढदिवसाच्या चौकोनात ‘धुक्याची सुरी, भाग दुसरा’ असं लिहिलेलं होतं. पुस्तक यायच्या कितीतरी महिने आधी म्हणे त्याचं नाव जाहीर होतं, मग मुखपृष्ठ, मग त्या मुखपृष्ठाच्या कडेची सोनेरी रेघ. त्या रेघेसाठी लेक आनंदाने रडली होती. चष्मेवाला तिच्या जन्माच्या वेळीही एवढा रडला नव्हता, आणि ही गोष्ट त्याला जरा लागली.

आता ‘सातव्या राखेचं सिंहासन’ या मालिकेचा पाचवा आणि शेवटचा भाग शनिवारी येणार होता. कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्या बाईंनी पहिलं खोकं उघडायचा मान लेकीला दिला होता, कारण सगळ्यांत आधी नाव तिनेच नोंदवलं होतं. खोकं आधीच येऊन पडलं होतं. त्यावर लाल पट्टी होती: शनिवारच्या आत उघडू नये. शाळा सुटली की लेक दुकानात जाऊन त्या बंद खोक्यापाशी बसायची. बाहेरच्या फळ्यावर बाई किती दिवस उरले ते रोज खडूने लिहीत. मंगळवारी सकाळी त्या आकड्याखाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

‘शेवटी धाकटीच राणी होते. काळा घोडेस्वार तिचा भाऊ निघतो. कुत्रा वाचतो.’

बाईंनी ते वाचलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. फळा ओढून आत नेला आणि दुपारी लेक आली तेव्हा तिला म्हणाल्या, “शनिवारी तू येऊ नकोस. माझा विश्वास होता तुझ्यावर.” खोक्यापाशी दुसरं कुणी फिरकलंच नव्हतं, एवढा पुरावा त्यांना पुरला.

लेकीने घरी येऊन एकच वाक्य सांगितलं, “बाबा, मी नाही उघडलं,” आणि कॅलेंडर उलटं करून भिंतीला लावलं. ते उलटं कॅलेंडर चष्मेवाल्याला बघवेना. पोर खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं. बाईंना ते पटवायचं कसं, हे मात्र ठाऊक नव्हतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपण होऊन साडूला हाक मारली. अडला हरी, पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

“पेपरफुटी,” गरुडाने डोळे मिटून निदान केलं. “फक्त इथे पेपराऐवजी शेवट फुटलाय. म्हणजे शेवटफुटी. साडूभाऊ, भाची निर्दोष आहे हे मी शनिवारच्या आत सिद्ध करतो. तोवर ती माझी पाचव्या क्रमांकाची संशयित.”

“पाचवी?”

“घरातली म्हणून. नाहीतर दुसरी असती.”

“आणि पहिलं कोण?”

“लेखिका. शेवट काय आहे हे तिला सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. हा तुम्हाला योगायोग वाटतो?”

बुधवारी दोघे पुस्तकवाल्या बाईंकडे गेले. गरुडाने फळ्यावर भिंग धरलं, बोटाने पांढरी पूड उचलली, जिभेला लावली आणि म्हणाला, “खडू.”

“फळ्यालाच दोरीने बांधलेला असतो,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे गुन्हेगार हत्यार न आणता आला. थंड डोक्याचा दिसतो.” मग त्याने मान वाकडी केली. “अक्षर डावीकडे कललंय. डाव्या हाताने लिहिलंय. या भागात डावखुरं कोण आहे?”

“तुम्ही,” चष्मेवाला म्हणाला.

गरुड कर्तव्याला चुकणारा नव्हता. त्याने तिथेच स्वतःची उलटतपासणी घेतली. मंगळवारी सकाळी कुठे होतास? झोपलेला. साक्षीदार? बायको, पण ती त्याच सकाळच्या बसने मैत्रिणीकडे गेली, शुक्रवारी येईल. “उत्तरं समाधानकारक नाहीत,” त्याने निकाल दिला, “पण माणूस सज्जन वाटतो.”

यानंतर तो मजकूर फळ्याच्या अगदी तळाशी असल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि गुन्हेगार बुटका ठरला. फळा जमिनीवर टेकवलेला असतो आणि वरची जागा आकड्याने खाल्ली होती, हे चष्मेवाल्याने सांगितल्यावर गुन्हेगार उंच होऊन वाकला. “म्हणजे पाठीचा रोगी,” गरुड म्हणाला आणि सहानुभूतीने स्वतःची पाठ दाबू लागला, कारण तीही बरेच महिने दुखत होती.

पार्श्वभूमी कळावी म्हणून त्याने मालिकेच्या चारही भागांची मलपृष्ठं वाचली. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “नायिका सोळा वर्षांची, आईवडील बेपत्ता. मैत्रीण, आईवडील बेपत्ता. घोडेस्वाराचेही बेपत्ता. एवढे पालक गायब आहेत आणि पोलिसांत एक तक्रार नाही. ही केस आपण नंतर घेऊ.”

चष्मेवाला तोवर भिंतीकडे बघत होता. तिथे येत्या महिन्यांत येणाऱ्या पुस्तकांची चित्रं लावली होती. प्रत्येकावर पाठमोरी मुलगी, हातात सुरी, मागे धूर. एकाचं नाव रक्तावरून, एकाचं राखेवरून, एकाचं रक्ताळलेल्या राखेवरून. माणसांना बारीक फरक दिसावा यावर ज्याचं पोट, त्यालाही त्यांत फरक दिसेना. आपली लेक यातलं कुठलं कधी येणार ते झोपेतही सांगते, याचं मात्र त्याला कौतुक वाटलं.

“आता खोकं,” गरुड म्हणाला. “साडूभाऊ, तुमच्या भिंगांची पेटी काढा. कितीच्या नंबरने पुठ्ठ्याच्या आरपार दिसेल?”

“कुठल्याच नाही.”

“म्हणजे गुन्हेगाराकडे असा नंबर आहे जो तुमच्या दुकानात मिळत नाही. धंदा मागे पडतोय तुमचा.” त्याने लाल पट्टीवरून नखं फिरवली. “पट्टी शाबूत आहे, म्हणजे खोकं उघडलेलं नाही. शेवट बाहेर आलाय, म्हणजे उघडलंय. दोन्ही खरं आहे. अशा केसेस माझ्याकडेच येतात.”

“खोकं हलवू नका हं,” बाई घाईघाईने म्हणाल्या आणि स्टूल ओढून खोक्याला टेकूनच बसल्या.

“पुराव्याची किती काळजी,” गरुड चष्मेवाल्याच्या कानात म्हणाला. “अशा साक्षीदार हल्ली मिळत नाहीत.”

खोकं आणून देणाऱ्या ड्रायव्हरला त्याने रस्त्यातच गाठलं. आत काय होतं असं वाटलं, या प्रश्नाला ड्रायव्हर म्हणाला, “वजनावरून लाद्या वाटल्या.” गरुडाने त्याला सोडून दिलं. याने पाचवा भाग वाचलेला नाही आणि मागचे चारही नाहीत, असं त्याचं मत पडलं.

गुरुवारी त्याने रामबाण काढला. चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बसवून त्याने ती तीन वाक्यं डाव्या हाताने दहा-दहा वेळा लिहायला लावली. अक्षर कुणाचंच जुळलं नाही. पण तपासाआधी जो शेवट सात-आठ जणांनाच माहीत होता, तो तपासामुळे सगळ्या वस्तीला पाठ झाला. घरी लेक खिडकीशी बसून होती. “काका अजून शोधतायत का?” तिने विचारलं. बाप हो म्हणाला. “मग नको ना शोधायला,” ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी गरुडाने सगळ्यांना पुस्तकांच्या दुकानात बोलावलं. खोक्याला टेकून बाई, दाराशी ड्रायव्हर, आणि बापाचा हात धरून लेक. फळा मधोमध. गरुड हात मागे बांधून फेऱ्या मारू लागला.

“गुन्हेगार डावखुरा आहे. पाठीचा रोगी आहे. त्याला पुठ्ठ्यापलीकडचं दिसतं, आणि लाद्यांबद्दल तो संशयास्पद रीतीने बोलतो.”

“मी कशाला बोलू लाद्यांबद्दल,” ड्रायव्हर म्हणाला, “तुम्हीच विचारलंत.”

एवढ्यात दार उघडून मावशी आत आली. म्हणजे लेकीची मावशी, गरुडाची बायको. हातात प्रवासाची पिशवी. “बसमधून तुम्ही सगळे इथे दिसलात म्हणून उतरले,” ती म्हणाली. “काय चाललंय?” मग तिची नजर फळ्यावर गेली. “अगंबाई, हे अजून पुसलं नाही होय?”

“कुणी लिहिलंय ते कळल्याशिवाय पुसणार नाही,” गरुड म्हणाला.

“मी लिहिलंय.”

गरुडाच्या फेऱ्या थांबल्या.

“मंगळवारी इथल्या थांब्यावर बस येईना. खडू समोर लोंबत होता. उजव्या हातात पिशवी, म्हणून डाव्याने लिहिलं, वाकून. जरा वाकडं आलंय.” ती नवऱ्याकडे वळली. “रोज माझ्या अक्षरातली चिठ्ठी घेऊन भाजी आणता की तुम्ही.”

“पण मावशी, तुला शेवट कसा कळला?” लेकीने विचारलं.

“कळतोय कुठला? अंदाज आहे माझा. चार भाग वाचले, आणि असल्या दुसऱ्या मालिका वाचल्या त्या वेगळ्याच. जिला सगळे बावळट म्हणतात तीच राणी होते. तोंड झाकलेला माणूस नात्यातलाच निघतो. आणि कुत्रा मारला तर पुस्तक कोण विकत घेईल?”

“तू वाचतेस?” गरुड खाली बसला. “घरात? माझ्या नजरेसमोर?”

“नजरेसमोर नाही, गादीखाली. तुमची पाठ दुखते ना, तो तिसरा भाग. जरा जाड आहे. पाचव्यासाठी तुमच्याच नावाने नोंदणी केलीय. या वयात मला लाज वाटते.”

चष्मेवाल्याला हसू येत होतं, पण लेकीने त्याचा हात अजून घट्ट धरून ठेवला होता म्हणून त्याने ते दाबलं. मावशीलाही तो हात दिसला. झालेला प्रकार तिने बहिणीच्या लेकीकडून दोन वाक्यांत ऐकून घेतला, पिशवी खाली ठेवली आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“मी नुसता अंदाज लिहिला, बाई. तो बरोबर आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

बाई स्टुलावरून उठल्या. चष्मेवाल्याने खोकं उलटं केलं. वरची लाल पट्टी जशीच्या तशी होती. खालच्या बाजूला मात्र घरगुती चिकटपट्टीचे तीन-चार थर सुरकुतलेले होते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.

“आलं त्याच दिवशी खालून उघडलं,” बाई खाली बघत म्हणाल्या. “दुकान बंद केल्यावर. एकच प्रकरण वाचणार होते. फळा वाचला तेव्हा वाटलं, मी परत नीट चिकटवलं नाही, त्यातून हिनेच काढून वाचलं. दुसरं कुणी तिथे बसतच नव्हतं.”

“मला बाईंचा वास पहिल्यापासूनच येत होता,” गरुड म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

लेकीने बापाचा हात सोडला. “म्हणजे खरंच धाकटी राणी होते,” ती हळूच म्हणाली.

तेव्हा कुठे चष्मेवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस तो नुसता कुणीतरी लिहिलेला अंदाज होता. पोरीच्या नावावरचा डाग पुसायला म्हणून आपण सगळे धावलो आणि तो अंदाज खरा असल्याचं तिच्या तोंडावर सिद्ध करून मोकळे झालो. वर्षभर वाट पाहिलेली गोष्ट तिच्या हातून गेली होती. त्याला फार वाईट वाटलं आणि बाईंचा संताप आला.

“चुकलं गं माझं,” बाई म्हणाल्या. “तुझा मान घेतला आणि शेवटही घेतला. उद्या खोकं तूच उघड. वरून.”

लेकीने खालच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, “एकटीनेच वाचलंत?”

“हो.”

“आणि इतके दिवस कुणाशीच बोलला नाहीत?”

“कुणाशी बोलणार? सांगितलं असतं तर कळलं असतं ना, मी उघडलं म्हणून.” बाईंचे डोळे भरून आले.

“रडलात?”

“दोनदा.”

“कुठे ते सांगू नका,” लेक म्हणाली. तिने बाईंच्या स्टुलावरची धूळ हाताने झटकली आणि त्यांना बसवलं. “मी उद्या संध्याकाळपर्यंत संपवते. दुकान बंद करून थांबा. मग बोलू आपण.”

बाईंनी नुसती मान हलवली. चष्मेवाल्याने त्यांना सुनवायचं म्हणून चार दिवस बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं. ते त्याने तसंच गिळलं. अपमान लेकीचा झाला होता आणि तिने माफ करून टाकलं होतं. तिथे बापाने कशाला ताणून धरायचं?