इथे कुणाला कळतंय मराठी!

फोन स्पीकरवर टाकायचा, एवढंच काय ते ठरलं होतं. तेही चार वर्षांपूर्वी. दातोबाचे दोन्ही हात मनगटापर्यंत प्लॅस्टरमध्ये होते (हाड मोडलं नव्हतं, कवळीचा साचा ओतत होता) आणि नेमका एकच्या ठोक्याला बायकोचा फोन आला. त्याने कोपराने बटण दाबलं.

"अहो, स्पीकरवर काय टाकता? मालक असतील ना बाजूला?"

"असू देत गं. इथे कुणाला कळतंय मराठी!"

झालं. तेव्हापासून तोच रिवाज पडला.

दातोबा हे नाव मेहुण्याने ठेवलेलं. (मेहुण्यांनी ठेवलेल्या नावांना व्हिसा लागत नाही, ती आपोआप सोबत येतात.) तर हा दातोबा परमुलखात लोकांच्या कवळ्या बनवायचा. दुकान म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी, एक लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला दातोबा, दुसऱ्या टोकाला मालक. मालक सत्तरीचा, बायको वारलेली. शहरभर दात पुरवायचा आणि स्वतःची कवळी मात्र खणात ठेवायचा. दाताचे डॉक्टर आले की ती चढवायची, गेले की परत खणात. म्हणून नवराबायकोच्या बोलण्यात त्याचं नाव पडलं होतं बोळकं. "बोळकं आज खुशीत आहे," "बोळकं सकाळपासून फुरंगटलंय," असा अहवाल रोज एक वाजता बोळक्याच्या समोरच जायचा. ते बिचारं खाली मान घालून ब्रेड चघळत असायचं.

पुढचे प्रश्न ठरलेले. "जेवलात का? गोळी घेतलीत? गोड नाही ना खाल्लं?"

"छे गं!" दातोबा केकचा घास डाव्या गालातून उजव्या गालात सरकवत सांगायचा. त्याची साखर वाढलेली होती आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला हे कुणी कळवलेलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मोठ्या लॅबचं पत्र आलं. तिथे दात कॉम्प्युटरवर बनत. हाताखाली चार माणसं, बसायला खिडकीजवळची जागा, पगारही बरा. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. आपली कीर्ती एवढी दूर कशी पोचली याचं दातोबाला मुळीच आश्चर्य वाटलं नाही, उलट उशीरच झाला असं त्याचं मत पडलं.

पण घोडं अडलं होतं दुसरीकडेच. सहा वर्षांनी नवराबायकोचा कायम वास्तव्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यात आला होता. मालकाचं एक पत्र तेवढं जोडायचं राहिलं होतं: हा माणूस माझ्याकडे कामाला आहे आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहील. निकालाआधी नोकरी बदलली की अर्ज बाद, आणि पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं. त्यात दातोबाचं एकट्याचं काही अडलं नसतं. बायको फिजिओथेरपिस्ट होती. तो एक कागद हातात आल्याशिवाय तिला इथे कुणाच्या गुडघ्याला हात लावता येत नव्हता. सहा वर्षं ती हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या विभागात चादरींच्या घड्या घालत होती, आणि वर तीन मजले लोकांचे गुडघे आखडत होते.

गुरुवारी एक वाजता दातोबाने आपला बेत जाहीर केला.

"मी काय म्हणतो, आज बोळक्याकडून पत्र घेतो. उद्या ते ऑफिसात जमा. आणि सोमवारी राजीनामा."

"म्हणजे पत्रात लिहायचं राहतो म्हणून, आणि तुम्ही चालते होणार?"

"अगं, चौकशी करायला कोण येतंय?"

"आणि आलं म्हणजे? अहो, दोन वर्षं म्हणजे किती चादरी होतात माहीत आहे का? मी मोजते रोज. मला आता नाही हो जमायचं." मग दम घेऊन ती म्हणाली, "आणि त्या म्हाताऱ्याला फसवायचं कशाला? सगळीकडून हात हलवत परत येत होतात, तेव्हा त्यानेच ठेवून घेतलं ना तुम्हाला? बोळकं असलं तरी देवमाणूस आहे."

"हळू बोल जरा."

"का म्हणून? तिथे कुणाला कळतंय मराठी?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खण उघडल्याचा आवाज आला. मालकाने कवळी काढली, रुमालाने पुसली आणि तोंडात बसवली. दातोबाने दाराकडे पाहिलं. डॉक्टर कुणीच आलेले नव्हते.

"अहो," मालक म्हणाले, "ऐकताय ना?"

दातोबाच्या हातातला ट्रे सुटला. पाच गिऱ्हाइकांच्या कवळ्या फरशीवर चौफेर उधळल्या, एक तर थेट भट्टीखाली गेली.

"अगं बाई! कोण बोलतंय?" फोनमधून बायको.

"मी बोळकं," मालक अदबीने म्हणाले.

मग दातोबा आणि मालक दोघंही गुडघ्यांवर बसून दात गोळा करायला लागले, कारण काही झालं तरी गिऱ्हाइकं दुपारी चारला येणार होती.

"मी चार वर्षं ऐकते," टेबलाखालून मालक सांगू लागले. (शिकवणारी एकच असल्यामुळे ते बोलायचे ते हुबेहूब बायकोसारखं.) "घरी जेवताना कुणी बोलत नाही. इथे तुम्ही बोलता. मला बरं वाटतं. म्हणून मोबाईलवर अर्थ बघून शिकले."

दातोबाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चार वर्षं त्याने या माणसाच्या तोंडावर त्याची टिंगल केली होती, आणि तो माणूस सोबत म्हणून ती ऐकत बसला होता. दातोबाने त्यांचे हात धरले. "चुकलो, मालक," एवढंच त्याला म्हणता आलं.

मालक मग आपल्या भाषेत भरभर बोलले. मोठ्या लॅबचा मालक त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दातोबाचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. (कीर्ती वगैरे काही पोचली नव्हती.) दुकान त्यांना बंदच करायचं होतं, पण दातोबाचा कागद येईपर्यंत रेटणार होते. "तो शुक्रवार नुसता घाई करायला. मी सांगतो त्याला, थांब म्हणून. थांबेल. माझ्या पत्रात खोटं काही राहणार नाही आणि तुझ्या बायकोचे गुडघेही हातचे जाणार नाहीत."

हे दातोबाने फोनवर सांगितलं, तशी पलीकडे बायको रडायलाच लागली. दातोबा डोळे पुसायला गेला आणि हाताला लागलेलं प्लॅस्टर डोळ्यात घालून बसला.

"मालक, तुमचे उपकार कसे फेडू हो?" बायको म्हणाली. मग तिने नाक पुसलं आणि तिचा आवाज जागेवर आला. "आणि अहो, तुम्ही आता तब्येत सांभाळा. आज गोड नाही ना खाल्लं?"

"छे गं! नावसुद्धा काढलं नाही."

"खोटं," मालक स्पष्ट मराठीत म्हणाले. कवळी छान बसली होती. "केक. दोन तुकडे. रोज."



"मालक," बायको म्हणाली, "तुमचा नंबर द्या बघू. उद्यापासून एक वाजता मी तुम्हालाच फोन करते."