ताटाच्या फळीची तजवीज

जी वस्तू ज्याच्यासाठी करायची, तिच्याबाबत त्याचं मत घेऊ नये. गरजू माणूस स्वतःच्या सोयीचाच विचार करतो आणि निर्णय निःपक्षपाती राहत नाही. हा नियम मी कुठे वाचलेला नाही. परभणीच्या तहसिलीत तहसीलदाराच्या हाताखाली एकतीस वर्षं पेशकारी केली, तेव्हा तो मीच बसवला. (निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद राज्य गेलं, मुंबई राज्य आलं, नियम राहिला.) एका गावाची विहीर कुठे खोदायची, हे मी गावाला न विचारता टेबलावरून ठरवलं होतं. पाणी भरणाऱ्या बाया तक्रार घेऊन आल्या, तेव्हा त्यांना मी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि जेवायला घरी गेलो.

सत्तावन्न साली अर्धांगवायूनं माझं उजवं अंग गेलं. सांबप्पानं, म्हणजे माझ्या मुलानं, सिकंदराबादेहून चाकांची खुर्ची आणली. मांडीवर ताट ठरेना, म्हणून माझी बायको उमादेवी मला घास भरवू लागली. साठीच्या माणसानं चारचौघांसमोर तोंड उघडून घासाची वाट पाहायची, याची मला मरणाची लाज वाटे. खुर्चीला आडवी फळी बसवली तर मी डाव्या हातानं आपला आपण जेवेन, एवढीच माझी मागणी होती. ती मी सांबप्पाला सांगू लागलो. ‘फळी’ एवढं ऐकून तो उठला आणि त्यानं सभा बोलावली. मुलगा माझाच.

सभेला सांबप्पा, व्यंकटी सुतार आणि शेजारचे बन्सीधरशेठ होते. नमुने तीन: सागवानी फळी, हॉटेलातला पत्र्याचा ट्रे आणि शाळेच्या मोडक्या डेस्काचं झाकण. चाचणी काटेकोर झाली. आजारी माणसावर प्रयोग बरा नव्हे, म्हणून मला बाजेवर निजवून माझ्या खुर्चीत सगळे पाळीपाळीनं जेवले. गल्लीतले धरून नऊ जण, बावीस भाकरी, एकाचंही ताट कलंडलं नाही. बन्सीधरशेठ दोनदा बसले. (दुसऱ्या वेळी ठेचा आला होता.) सागवानी फळी एकमतानं मंजूर झाली.

जेवणारा उजव्या हातानं जेवतो, सबब उजवी बाजू मोकळी ठेवावी, असं ठरलं. डावीकडची जागा फुकट जाऊ नये म्हणून तिथे पानाच्या डब्यासाठी हातभर उंच कपाट करायचं, ही शेठजींची सूचना.

“पण माझा उजवा हात...” मी बाजेवरून म्हणालो.

“अप्पा, तुमी गप पडा बरं,” सांबप्पा म्हणाला. “तुमचंच काम चालू हाय.”

“आन् डाव्या हातानं जेवतेत का कुनी?” व्यंकटी म्हणाला. “लोक माझ्या कामाला नावं ठेवतेत.”

मला राग आला. पण कामकाजात खोट काढता येईना. पद्धत माझीच होती. लेखी हरकत घ्यावी, तर डाव्या हातानं लिहायला कागदाखाली फळी हवी.

फळी बसली. सुबक आहे. माझा डावा हात कपाटाच्या मागे राहतो आणि उमादेवी पूर्वीसारखीच भरवते. येणारे-जाणारे फळीवर चहाचे कप ठेवतात आणि माझ्या डोक्यावरून तिला विचारतात, “जेवन जातंय का यांना?” सहा महिन्यांत एकशे बारा माणसं आली. त्यांतल्या एकशे अकरांनी तिलाच विचारलं.

उरलेली बायनाबाई. त्या विहिरीच्या गावची, त्या दिवशी बाकावर बसलेल्यांपैकी एक. शेंगा विकायला आली होती.

“साहेब, कोनता हात चालतो तुमचा?”

“डावा.”

तिनं कपाटाकडे पाहिलं. “मंग हे इकडं कामून केलंय?”

मला रडू आलं. उमादेवीनं शेंगा घेतल्या, बायनाबाई गेली. तिला विहिरीचं विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

आपल्याला माझी कीव आली असेल, आभारी आहे. पण त्या बायांना विहीर कुठे हवी होती, हे विचारावं असं इतकं वाचूनही आपल्या मनात आलं नाही. परभणीला आलात तर घरी जरूर या. आपल्या कपाला फळीवर जागा आहे.